वत्सगुल्मापासून विंचुर्णीपर्यंत

वाशिमला पाहुणे आले की आधी बालाजीचं दर्शन, मग पद्मतीर्थ, आणि घरी परतल्यावर चहासोबत माझी राजशेखराची गोष्ट. सूनबाई आतून म्हणतात, आई, झालं आता. पण इथे ब्लॉगवर मला कोण अडवणार? तेव्हा ऐकाच.

राजशेखर हा साधारण इसवी सन ९०० च्या आसपासचा. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात सरस्वतीच्या मुलाची, काव्यपुरुषाची, कथा आहे. हा एकदा आईवर रुसून घर सोडून निघाला. त्याचा मित्र कार्तिकेय रडायला लागला. तेव्हा गौरीने, म्हणजे पार्वतीने, विचार केला की प्रेमासारखं दुसरं बंधन नाही, आणि एक मुलगी निर्माण केली, साहित्यविद्यावधू. तिला सांगितलं, तो बघ तुझा नवरा रागावून चालला आहे, जा, त्याला वळवून आण. ती निघाली. पूर्वेला गेली, पांचालात गेली, अवंतीत गेली, दक्षिणेत आली. जिथे जाईल तिथे तिचा वेश बदले, नाच बदले, बोलण्याची रीत बदले. सुरुवातीला तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता, पण दक्षिणेत येईपर्यंत पुरता विरघळला. मग विदर्भातल्या वत्सगुल्म नावाच्या नगरात, जे म्हणे मदनाचं क्रीडास्थान होतं, दोघांनी गांधर्व विवाह केला.

हे वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं सोळावं लेणं ज्याने कोरवलं, तो वराहदेव याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री. त्या काळी मोठं गाव होतं हो आपलं. आज मदनाच्या क्रीडास्थानात सोयाबीनचा भाव काय निघाला याचीच चर्चा असते. असो.

वर्गात ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं अभिमानाने सांगितली. एक बाब मात्र फार उशिरा खटकली. त्या मुलीला कुणी विचारलंच नाही. हा तुझा नवरा आहे, जा, एवढंच सांगितलं. ती एवढा मुलूख फिरली, दर ठिकाणी नवी झाली, ते सगळं कुणाला तरी घरी आणण्यासाठी. तिला स्वतःला कुठे जायचं होतं?

हा प्रश्न मला सुचला तो दुसऱ्या एका गौरीमुळे. गौरी देशपांडे.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. गौरी देशपांडे यांचा जन्म १९४२ चा, मृत्यू १ मार्च २००३ चा. इंग्रजीच्या प्राध्यापक. आधी इंग्रजीत कविता लिहिल्या. मग बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणले, आणि १९८० साली ‘एकेक पान गळावया’ हे पुस्तक आलं. पुढे ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’, ‘निरगाठी’, ‘दुस्तर हा घाट’, ‘थांग’, ‘मुक्काम’, ‘गोफ’, ‘उत्खनन’. पुस्तकं जाड नाहीत. पण मराठी कादंबरीतली बाई तोवर वाड्यातून चाळीत, चाळीतून फ्लॅटमध्ये एवढाच प्रवास करत होती, ती इथे जपानला गेली, तिथल्या माणसाच्या प्रेमात पडली, आणि त्याबद्दल तिने लेखिकेकडून शिक्षाही भोगली नाही. हे शेवटचं आम्हाला पचत नव्हतं. कादंबरीतली बाई वाकडं पाऊल टाकते आणि शेवटी विहीर जवळ करते किंवा पश्चात्ताप करते, याची आम्हाला सवय होती.

पण गौरीबाई आकाशातून पडल्या नव्हत्या. इतिहासाच्या शिक्षकाची खोड म्हणा, मला घराणं बघितल्याशिवाय राहवत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं. ती गोदूबाई, पुढे आनंदीबाई, सगळ्यांची बाया. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९६ साली अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. बायांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिलं. नवरा जगासाठी झिजत असताना घरात चूल कशी पेटत होती, हे त्यातून कळतं, आणि अण्णांच्या थोरवीला धक्का न लावता थोडं टोचतंही.

या घरात सून म्हणून आल्या इरावती. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. तिथल्या नदीवरून नाव. लहानपणीच पुण्याला हुजूरपागेत शिकायला आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी मुलीसारख्या वाढल्या. दिनकर कर्व्यांशी लग्न झाल्यावर १९२८ साली जर्मनीला गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. गंमत बघा, ज्या महर्षींनी उभ्या महाराष्ट्रातल्या बायकांना शिकवायचा ध्यास घेतला, त्यांना सुनेचं हे परदेशी जाणं काही पसंत नव्हतं. दिनकरराव मात्र ठाम राहिले. सुधारकाच्या घरातही उंबरा असतो. फक्त तो थोडा पुढे सरकलेला असतो.

इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’ हा लेख आठवतो? एका सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते. काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यात शाळेची मुलं आपसात बोलतात, अरे ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि त्यांना वाटतं, आता ओळख पुरी झाली. फार गोड लेख आहे. मी कितीदा शिकवला असेल, आणि दरवेळी शेवटाला माझा आवाज भरून यायचा. त्याच बाईंनी ‘युगान्त’ लिहून कुंती-द्रौपदीला देव्हाऱ्यातून खाली आणलं, आणि वारीबरोबर चालून ‘वाटचाल’ लिहिला.

आणि त्यांची धाकटी लेक गौरी. आईचा लेख जिथे संपतो, तिथून लेकीची पुस्तकं सुरू होतात असं मला वाटतं. गौरीबाईंच्या नायिकांना मुलं आहेत, मुलांवर जीव आहे, पण अमक्याची आई म्हटल्याने त्यांची ओळख पुरी होत नाही. नवऱ्यांवरही त्यांचं प्रेम असतं, हे लोक विसरतात. त्या काही पुरुषद्वेष्ट्या नव्हेत. प्रेम असूनही दम कोंडतो, हे त्या सांगतात, आणि हेच अवघड आहे. मारणाऱ्या नवऱ्याला सोडणं लोकांना समजतं. चांगल्या नवऱ्यापासून दूर जाऊन श्वास घ्यावासा वाटणं कुणाला समजावून सांगायचं?

प्रवासाचंही तसंच. आमच्याकडे बाई घराबाहेर पडते ती देवासाठी. शेगावची पालखी रिसोडवरून पंढरपूरला जाते, तिच्यात बायाबापड्या किती असतात! विठोबाचं नाव घेतलं की सासूसुद्धा अडवत नाही. गौरीबाईंच्या बायका मात्र कुठल्याही देवाचं नाव न घेता निघतात. खुद्द लेखिका परदेशात राहून आल्या आणि फलटणजवळच्या विंचुर्णी या लहानशा गावात घर करून राहिल्या. ‘विंचुर्णीचे धडे’ वाचा. जगभर फिरलेली बाई पाणी, झाडं, शेजारी, कुत्री यांच्याकडून शिकतेय. माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात मोकळं पुस्तक आहे.

सगळंच मला आवडतं असं नाही. त्यांच्या नायिकांना इंग्रजी येतं, हाताशी पैसा आहे, विमानाचं तिकीट मिळतं. महिनाअखेरीला किराण्याची वही बघणारी बाई तिथे सापडत नाही. ती बघायची तर आमच्याच जिल्ह्यातले, पेशाने शिक्षकच असलेले नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ वाचावी, १९९५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तिथली आई ओळख शोधायला कुठे जात नाही. पोरांच्या पोटात दोन घास जातात की नाही, हीच तिची वाटचाल. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की मला बरं वाटतं. एकट्या गौरीबाई वाचल्या की वाटतं, हे आपलं नव्हे.

आणि नेमकं हेच वाक्य मी एकदा बोलले, ते सांगण्यासाठीच खरं तर हा लेख.

१९८८-८९ ची गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कुणाच्या तरी देणगीतून आलेल्या गठ्ठ्यात ‘एकेक पान गळावया’ होतं. मी ते घरी नेलं, दोन रात्रींत संपवलं, आणि घाबरले. त्यातल्या एका बाईचं मन मला फार ओळखीचं वाटलं होतं. त्याच सुमारास शाळेत एक तरुण बाई नव्याने लागल्या होत्या. हुशार, वाचणाऱ्या. त्यांना पुण्याला जाऊन पुढे शिकायचं होतं, घरून परवानगी नव्हती. मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, मॅडम, गौरी देशपांड्यांचं काही आहे का हो आपल्याकडे?

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, नाही. आणि वर शहाणपणा केला, “कायले वाचता बाई असलं? ते पुण्या-मुंबईचं, आपलं नव्हे.”

त्या हसल्या. वर्ष संपायच्या आत नवऱ्याची बदली झाली आणि त्या गेल्या. पुढे शिकल्या की नाही, मला माहीत नाही. एका पुस्तकाने त्यांचं काही बदललं असतं असंही मी म्हणत नाही. पण मला त्यांच्या नीतीची काळजी नव्हती. वाचून मला जे झालं होतं, ते आणखी कुणाला झालेलं मला बघायचं नव्हतं, एवढंच.

माझी मुलगी बरीच वर्षं परदेशात आहे. ती एकटी तिकडे निघाली तेव्हा मी तिला अडवलं नाही. लोकांनी माझं कौतुक केलं, आई किती पुढारलेली आहे म्हणून. मी गप्प बसले.

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना ते पुस्तक सापडलं. पानं पिवळी पडलीत, आत शाळेचा शिक्का आहे. शिक्क्याखाली माझ्याच अक्षरात माझं नाव आणि नेल्याची तारीख. परत केल्याच्या रकान्यात काही नाही.