शिडांच्या जहाजांची कादंबरी आणि इतिहास

शिडांच्या काळांतील सागरी युद्धांवर लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतांना चिकित्सक वाचकाच्या मनांत एक शंका हटकून येते. एखादा कप्तान लहानशा जहाजानिशीं आपल्याहून कितीतरी बलाढ्य शत्रूवर चालून जातो आणि तें जहाज जिंकून बंदरांत आणतो; हें वाचून 'लेखणी फार सैल सुटली' असें आपण सहज म्हणून जातों. वस्तुस्थिति बहुधा उलट आहे. या वाङ्मयांतील अतिशयोक्ति पुष्कळदां प्रत्यक्ष इतिहासानेंच केलेली असते. मग कादंबरीकारानें स्वतःचें असें काय दिलें, हाच खरा प्रश्न उरतो.

उदाहरणादाखल टॉमस कॉक्रेन (१७७५–१८६०) या स्कॉटिश सरदारपुत्राचें चरित्र पाहावें. ६ मे १८०१ या दिवशीं बार्सिलोनाजवळ त्याच्या 'स्पीडी' या दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची 'गामो' या स्पॅनिश फ्रिगेटशीं गांठ पडली. 'स्पीडी'वर तोफा १४, त्याहि चार पौंडी गोळ्यांच्या. माणसें अवघीं ५४. 'गामो'वर तोफा ३२ आणि माणसें ३१९. कॉक्रेननें प्रथम अमेरिकन निशाण चढवून शत्रूला संभ्रमांत टाकलें; मग आपलें जहाज त्याच्या कुशीला इतकें भिडवलें कीं, उंचावरील स्पॅनिश तोफांचे गोळे खालच्या माणसांना न लागतां शिडांतून निघून जाऊं लागले. नंतर सुकाणूवर एकट्या डॉक्टराला ठेवून, बाकी सर्वांनिशीं तो शत्रूच्या जहाजावर चढला. झुंज चालू असतांच त्यानें एकाकडून स्पॅनिश निशाण उतरवलें, आणि आपले अधिकारी शरण गेले अशा समजुतीनें स्पॅनिश खलाशांनीं शस्त्रें खालीं ठेवलीं. हा प्रसंग कोणी कल्पनेनें रचला असता तर तो असंभाव्य ठरला असता.

याच कॉक्रेनच्या 'इंपीरियूज' जहाजावर १८०६ सालीं १४ वर्षांचा एक मुलगा उमेदवार अधिकारी म्हणून दाखल झाला. तोच पुढें कॅप्टन फ्रेडरिक मॅरिअट (१७९२–१८४८) या नांवानें कादंबरीकार म्हणून गाजला. 'पीटर सिंपल' (१८३४) व 'मिस्टर मिडशिपमन ईझी' (१८३६) या त्याच्या कृतींत तोफांचा धूर आहे तो प्रत्यक्ष पाहिलेला. त्याच आरमारांत माणसें बंदरांतून व व्यापारी जहाजांवरून धरून आणीत, आणि नऊ पदरी चाबकाखालीं शिस्त राखीत, हेंहि त्यानें पाहिलेलें होतें. या सक्तीच्या भरतीविरुद्ध त्यानें १८२२ सालीं एक पुस्तिका लिहिली. तथापि त्याच्या कादंबऱ्यांत विनोदाचा भर असा कीं, मुलांच्या लक्षांत गमती राहतात आणि पाठीवरचे वळ विसरले जातात.

शिडांचा काळ इतिहासजमा झाल्यावर आलेल्या लेखकांपाशीं ही साक्ष नव्हती; कागदपत्रें मात्र होतीं. सी. एस. फॉरेस्टरनें 'द हॅपी रिटर्न' (१९३७) मध्यें हॉर्नब्लोअर हा नायक आणला. त्याला बोट लागते, आणि शूर असूनहि तो आपल्या धैर्याविषयीं सदैव साशंक असतो. पॅट्रिक ओब्रायन (१९१४–२०००) यानें 'मास्टर अँड कमांडर' (१९६९) मध्यें 'स्पीडी'चीच लढाई नांवें बदलून सांगितली. तेथील विजयी कप्तान जॅक ऑब्री. शौर्यांत त्याला भर घालावी लागली नाहीं. त्याची भर आहे ती अन्यत्र.

१८१४ सालीं नेपोलियन मारला गेल्याची खोटी आवई उठवून लंडनच्या रोखेबाजारांत नफा लाटण्यांत आला. त्या कटांत कॉक्रेनहि दोषी ठरला. एक वर्षाचा कारावास, १००० पौंड दंड आणि भर चौकांत एक तास खोड्यांत उभें राहणें, अशी शिक्षा झाली. खोड्याची शिक्षा पुढें माफ झाली. परंतु आरमारांतून तो बडतर्फ झाला, आणि परत घेतला गेला तो १८३२ सालीं. आपण निर्दोष असल्याचें तो अखेरपर्यंत सांगत राहिला. 'द रिव्हर्स ऑफ द मेडल' (१९८६) मध्यें ओब्रायन आपल्या निरपराध ऑब्रीला खरोखरच त्या खोड्यांत उभा करतो. आणि भोंवतीं जमतात ते नाविक, त्याचा जयघोष करण्यासाठीं. न्यायालयाच्या दप्तरांत ज्याला जागा नाहीं, असा सामान्य खलाशांचा हा निवाडा आहे.

त्याच मालिकेंतील 'एच. एम. एस. सरप्राइझ' (१९७३) ही कादंबरी आपल्या मुंबईंत येते. ऑब्रीचा मित्र डॉक्टर मॅच्युरिन याला रस्त्यावरची दिल नांवाची एक चुणचुणीत मुलगी भेटते. तिला चांदीच्या बांगड्यांची हौस. तो त्या तिला देतो, आणि त्याच बांगड्यांपायीं तिचा जीव जातो. जिंकलेल्या जहाजांच्या याद्यांत अशा मुलीची नोंद नसते, आणि डॉक्टराच्या सद्भावनेला तेथें कांहीं उपायहि उरत नाहीं. वाचकाला मात्र ती 'गामो'च्या पाडावापेक्षां अधिक काळ आठवते.

शौर्याची सामग्री इतिहासानें मुबलक पुरविली. तें कोणाच्या पाठीवर आणि कोणाच्या जिवावर उभें होतें, हें दाखविण्याचें काम कादंबरीकारावर पडलें. मॅरिअटनें तें पुस्तिकेंत केलें, ओब्रायननें कथेंत. आपल्या घरांतील मुलांच्या हातीं हीं पुस्तकें जरूर द्यावींत. लढाईचीं प्रकरणें तीं आपण होऊन वाचतील; मुंबईचें प्रकरण मात्र वडील माणसांनीं त्यांच्याजवळ बसून वाचावें.