रुग्णाच्या दारी

वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने 1951 नंतरच्या वर्षांत कुष्ठरोगाच्या कामाची जी रीत घालून दिली, तिच्यात औषध नवे नव्हते, कारण डॅप्सोनची गोळी त्यापूर्वीच वैद्यांच्या हाती आली होती. नवे होते ते एवढेच, की रुग्ण दवाखान्याची पायरी चढेल तेव्हा चढेल असे म्हणून स्वस्थ बसण्याऐवजी दवाखान्याच्याच माणसाने गावोगाव हिंडावे, घरोघरी माणसे तपासावीत, रोगाविषयी लोकांशी बोलावे, आणि ज्याची गोळी चुकली त्याच्या ओसरीवर जाऊन ती का चुकली ह्याची चौकशी करावी. फाउंडेशनच्या डॉ. वारदेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ह्या तीन अंगांनी बांधलेली ही पद्धत पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने उचलली. परंतु ओसरीवर जाऊन बसणाऱ्या त्या साध्या पगारी माणसाचे काम हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला स्वतःची परंपरा आहे, आणि त्याच्या पायपिटीचा खर्च व त्या पायपिटीने वाचवलेला खर्च ह्यांचा ताळेबंद मांडता येतो, हे ध्यानात येण्यास पुढची पन्नास वर्षे जावी लागली आणि एचआयव्हीसारखा रोग यावा लागला.

1951 नंतरच्या त्याच दशकात मद्रासला ह्या व्यवसायाला शास्त्राची कसोटी लाभली. 1956 साली तेथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि डॉ. वॉलेस फॉक्स ह्यांच्या नेतृत्वाखाली 193 रुग्णांचे दोन गट करून एका गटास आरोग्यधामात व दुसऱ्यास दाटीवाटीच्या वस्तीतील स्वतःच्या घरीच वर्षभर औषध देण्यात आले. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने आरोग्यधामांच्या युगाला उतरती कळा लागली: घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच सुधारले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक बाधा झाली नाही हेही पुढे दिसून आले. हजारो खाटांचा खर्च वाचू शकतो ही गोष्ट सरकारदरबारी तत्काळ उमगली. मात्र ह्या घरच्या रुग्णांकडे केंद्राची माणसे अवचित जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेले की नाही हे पाहत, आणि कोणी ठरल्या दिवशी आला नाही तर त्याचा माग काढत. म्हणजे खाट काढून तिच्या जागी पायपीट ठेवली होती, आणि बचत झाली ती त्या पायपिटीच्या जोरावर. 1962 साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तेव्हा औषध जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, परंतु मद्रासची पायपीट त्याच्याबरोबर तितक्या प्रमाणात गेली नाही. गैरहजर रुग्णाला आधी पत्र पाठवावे आणि मग घरी माणूस पाठवावा असा दंडक होता. पत्राला थोड्या पैशांचे तिकीट पुरते आणि माणसाला प्रवासभत्ता लागतो, तेव्हा जेथे मंजुरी तुटपुंजी होती तेथे काम पत्रावरच थांबावे ह्यात नवल नाही.

एचआयव्हीची भारतातील पहिली नोंद 1986 साली मद्रासमध्येच झाली. ती करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. 1993 साली त्यांनी उभारलेल्या संस्थेच्या नावात ते आडनाव अजून आहे. पुढची कितीतरी वर्षे ह्या रोगाच्या संदर्भात गैरहजर रुग्ण हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण हजर राहिलेल्याला देण्यासारखे फारसे काही नव्हते. 1996 साली तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने मृत्यूला आवर घालता येतो हे सिद्ध झाले, तरी त्या उपचाराची वर्षाची किंमत दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात होती, आणि मुंबईच्या किंवा सांगलीच्या इस्पितळातील रुग्णाच्या लेखी ते औषध असून नसल्यासारखे होते. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद ह्यांनी अशाच तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरला देण्याची तयारी जाहीर केली, आणि जगभरच्या सरकारांची ‘परवडत नाही’ ही कैफियत एकाएकी लंगडी पडली. 1 एप्रिल 2004 रोजी भारत सरकारने आठ सरकारी इस्पितळांतून मोफत उपचार सुरू केला. त्यांत मुंबईचे जे. जे. इस्पितळ होते.

येथून आपल्या विषयाला खरा आरंभ होतो. क्षयाच्या रुग्णामागे जाणाऱ्या माणसाचे काम वर्षाने, पुढे सहा-आठ महिन्यांनी संपत असे. कुष्ठरोगाचा उपचारही 1982 नंतरच्या बहुविध औषधांनी मुदतबंद झाला. एचआयव्हीची गोळी मात्र जन्मभराची. जो रुग्ण आज नेमाने येतो तो पाच वर्षांनी येईलच ह्याची हमी कोणालाही देता येत नाही, म्हणून त्याचा मागोवा घेणारा माणूसही कायमचा हवा. आरंभीच्या तरतुदींत औषधांसाठी, तपासण्यांसाठी, डॉक्टर व समुपदेशक ह्यांच्या वेतनासाठी रकमा होत्या. दारी जाणाऱ्यासाठी जे काही होते ते फारच थोडे. ती उणीव भरून काढली ती ज्यांना स्वतःला हा रोग होता त्यांनी. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची जाळी उभी राहिली, आणि सांगलीत 1992 पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’च्या आधाराने ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या स्त्रियांनी आपल्याच वस्तीतील आजारी बाईला इस्पितळात घेऊन जाणे, तेथे तिच्या बाजूने बोलणे, हे काम अंगावर घेतले. हा खर्च कोणत्याही सरकारी जमाखर्चात धरला गेला नाही. गरीब माणसांनी गरीब माणसांसाठी वेचलेले ते दिवस पुढच्या अर्थशास्त्रज्ञांच्या कोष्टकांत शून्य म्हणून उतरले, आणि ती कोष्टके वाचताना ह्या शून्याची आठवण ठेवणे मला अगत्याचे वाटते.

एचआयव्हीचा उपचार देणाऱ्या एआरटी केंद्राच्या दफ्तरात रुग्णाचा पांढरा कागद असतो आणि रुग्णाच्या हाती हिरवी पुस्तिका. ठरल्या तारखेला तो आला नाही की त्याचे नाव ‘मिस’ म्हणून निघते, आणि तीन महिने लोटले की तो ‘एलएफयू’, म्हणजे ‘लॉस्ट टू फॉलो-अप’, ठरतो. ह्या तीन अक्षरांखाली किती निरनिराळ्या कहाण्या एकत्र कोंबलेल्या असतात! दिवाळीच्या सुमारास बीडकडून कारखान्यांच्या मुलुखात ऊसतोडीला गेलेले जोडपे चैत्रापर्यंत परतत नाही. गोळ्यांनी वजन वाढले, ताप गेला, आता कशाला असे म्हणून कोणी थांबतो. आणि ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली की चूल अडते, त्याला महिन्याचा तो एक दिवस आणि तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतचे भाडे ह्या दोन्ही गोष्टी औषधाची किंमत म्हणूनच मोजाव्या लागतात, मग औषध कितीही मोफत असो. कोणी नोंदणीच्या वेळीच खोटा पत्ता दिलेला असतो, कारण आपल्या गावचे कोणी तेथे भेटू नये ह्यासाठी तो मुळातच दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो.

दारी जाणाऱ्याचे कौशल्य येथे कसोटीस लागते. कुष्ठरोगाचा कार्यकर्ता गावात उघडपणे हिंडू शकत होता. एचआयव्हीच्या कार्यकर्त्याला मात्र रोगाचे नाव उच्चारायचे नाही, कार्यालयाची ओळख गळ्यात मिरवायची नाही, शेजाऱ्याला संशय येईल असा प्रश्न विचारायचा नाही. सासू दारात उभी असता सुनेशी दोन वाक्ये बोलण्यासाठी त्याला पाणवठ्याची वाट, बाजाराचा दिवस, अंगणवाडीची वेळ ठाऊक असावी लागते. एक चुकीचा शब्द गेला तर रुग्ण परत येणे दूरच, तो घर सोडून जातो. 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेल्या एचआयव्हीविषयक कायद्याने ह्या गुप्ततेला कायद्याचे बळ दिले, आणि ते योग्यच झाले. चांगले कार्यकर्ते त्याआधीही ती प्राणपणाने पाळत होते. ह्या कामाला जो वेळ लागतो तो घाईने कमी करता येत नाही, आणि खर्चाचा मोठा भाग ह्या वेळाचाच असतो.

आता त्या खर्चाकडे वळू. 2007 साली सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांच्या कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा उपचार सुरू केलेल्यांपैकी दोन वर्षांनंतर सुमारे 60 टक्केच उरतात असे दिसले. दोन वर्षांनी पुढील पाहणीत आणखी एक दारुण गोष्ट उघड झाली: ज्या गळालेल्या रुग्णांचा ठावठिकाणा लागला, त्यांपैकी सुमारे 40 टक्के मरण पावलेले होते. बाकीच्यांत काही दुसऱ्या केंद्रात गुपचूप जाऊन उपचार घेत होते, आणि उरले ते खरोखर परत आणण्याजोगे. म्हणूनच परत आणण्याचा दरडोई खर्च प्रथमदर्शनी दिसतो त्याहून बराच अधिक असतो. समजा, 100 नावांची यादी घेऊन माणसे बाहेर पडली आणि त्यांतून 20 रुग्ण परतले, तर शंभर फेऱ्यांचे भाडे व मजुरी त्या वीसांच्या माथी बसते; आणि त्यांतील काही वर्षभरात पुन्हा गळाले तर उरलेल्यांच्या माथी. ह्यातून दोन गोष्टी निघतात. यादी स्वच्छ असणे, म्हणजे मृत आणि बदली झालेले वेळीच वगळले जाणे, हे निम्मे काम आहे. आणि शोध जितका लवकर तितका स्वस्त, कारण पहिल्या आठवड्यातला फोन जे करतो ते सहाव्या महिन्यात चार फेऱ्यांनीही होत नाही.

ताळेबंदाची दुसरी बाजू त्याहून जड आहे. उपचार मध्येच तुटला की विषाणू वाढतो, क्षय किंवा मेंदूचा ज्वर घेऊन रुग्ण इस्पितळात येतो, आणि त्या एका मुक्कामाच्या खर्चात किती गृहभेटी होतील ह्याचा हिशेब कोणीही करावा. तुटकतुटक गोळ्या घेतल्याने पहिली औषधे निकामी झाली तर दुसऱ्या श्रेणीची द्यावी लागतात. ती भारतात जानेवारी 2008 पासून जे. जे. आणि मद्रासजवळचे तांबरम येथे मिळू लागली, आणि त्यांची किंमत पहिल्यांच्या कित्येक पट होती. शिवाय 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने, जिच्या केंद्रांत पुणे आणि चेन्नईही होती, असे दाखवले की वेळीच उपचार घेणाऱ्यापासून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. म्हणजे परत आणलेल्या एका रुग्णाबरोबर, जिचे नाव कोणत्याच यादीत नाही अशी त्याची पत्नीही वाचू शकते. 2009 साली आयव्हरी कोस्टमधील माहितीवर आधारलेल्या गणिताने रुग्ण गळू न देण्यासाठी औषधाचा आकार माफ करणे, प्रवासभाडे देणे, जेवण देणे, अशा गोष्टींवरील खर्च तेथील उत्पन्नाच्या मानानेही फलदायी ठरू शकतो, असा निर्वाळा दिला होता. अशा गणितांत देशाचे दरडोई उत्पन्न किंवा त्याची तिप्पट ही एका वाढीव आयुष्यवर्षाची मर्यादा मानण्याचा प्रघात पडला आहे. ह्या प्रघाताने गरीब देशातील माणसाचे वर्ष श्रीमंत देशातील माणसाच्या वर्षाहून स्वस्त ठरते. कोषागाराच्या सोयीसाठी तो चालवून घेतला तरी न्याय म्हणून तो मला मान्य करवत नाही.

आपल्याकडे 2013 पासून ‘विहान’ नावाच्या योजनेत आधार केंद्रे निघाली आणि गळालेल्यांचा शोध हे त्यांचे एक मुख्य काम ठरले. 2017 साली, लागण दिसताच सर्वांना उपचार देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले, आणि त्याबरोबरच उपचार सोडलेल्यांना परत आणण्यासाठी ‘संपर्क’ मोहीम जाहीर झाली. 2020 च्या टाळेबंदीत एरवी महिन्याला मिळणारी औषधे अनेकांना तीन महिन्यांची एकदम देण्यात आली. वर्षाच्या बारा फेऱ्या चारांवर आल्या की मजुरी व भाडे ह्यांच्यापायी गळणाऱ्यांची संख्या आपसूक रोडावते, हा धडा निरुपायाने का होईना पदरात पडला. त्याच सुमारास पहिल्या उपचारात डोल्युटेग्राविर आले. ह्या औषधाविरुद्ध विषाणूला प्रतिकार सहजी कमावता येत नाही, त्यामुळे मध्ये खंड पडून परतलेल्या रुग्णाला पुष्कळदा तीच गोळी पुन्हा देता येते आणि महागड्या श्रेणीकडे वळावे लागत नाही. औषधाने परतीची किंमत उतरवली आहे. मात्र ज्याने त्या रुग्णाला दारातून केंद्रापर्यंत आणायचे, त्याची नेमणूक अजूनही बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते, आणि मुदत संपून नवा माणूस येतो तेव्हा कोणत्या घरी कोणत्या वेळी जावे ही माहिती जुन्या माणसाबरोबरच निघून गेलेली असते, कारण गुप्ततेपायी ती कोठेही लिहून ठेवलेली नसते.