पूर्वजांच्या देशांतील यंत्रस्वर

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडील वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. मुळापर्यंत गेल्यावर मनांत धरलेलें चित्र तेथें दिसेलच याची शाश्वती नसते, हाहि त्या म्हणीचा एक अर्थ आहे. आज मी ज्या शोधाची हकीकत सांगणार आहें, तींत नेमकें असेंच घडलें.

लंडन येथें राहणारे पॉल पुर्गस हे भारतीय वंशाचे संगीतकार. विजेच्या यंत्रांतून निघणाऱ्या स्वरांची रचना करणें हा त्यांचा व्यासंग. असा कलावंत पूर्वजांच्या देशीं आला, कीं तो सतारीची एखादी गत, देवळांतील घंटानाद किंवा लोकगीताची चाल वेंचून नेईल, अशी आपली अपेक्षा असते. पुर्गस अहमदाबादेस आले, ते मात्र एका यंत्राचा माग काढीत. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या संग्रहांत १९६९ ते १९७२ या काळांतील ध्वनिफिती त्यांच्या हातीं लागल्या. ही कथा त्यांनीं २०२० सालीं बी. बी. सी. रेडिओवरून सांगितली आणि त्या फितींतील निवडक रचना २०२३ सालीं ‘द एन. आय. डी. टेप्स’ या नांवानें प्रसिद्ध केल्या.

तें यंत्र म्हणजे सिंथेसायझर. सतारींत तार कांपते, बांसरींत हवा कांपते. या यंत्रांत विजेचा प्रवाह कांपतो आणि तो कंप कर्ण्यांतून ध्वनिरूपानें बाहेर पडतो. विजेचा दाब वाढविला कीं स्वर चढतो, कमी केला कीं उतरतो. अमेरिकेंतील रॉबर्ट मोग यांनीं १९६४ च्या सुमारास तें घडविलें. पुढें अवघ्या पांच वर्षांनीं, १९६९ सालीं, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं तें अहमदाबादेस बसवून दिलें.

मुंबई-कलकत्ता सोडून तें अहमदाबादेसच कां यावें? त्याचें उत्तर साराभाई कुटुंबाच्या इतिहासांत आहे. गिरणीमालकांच्या या घराण्यांतील गीता साराभाई पखवाज शिकल्या होत्या. तें वाद्य हातीं घेणाऱ्या स्त्रिया त्या काळीं विरळाच. १९४६ सालीं त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तेथें जॉन केज या संगीतकाराशीं त्यांनीं विद्येची देवघेव केली. त्यांनीं केजना भारतीय संगीत शिकवावें, केजनीं त्यांना पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकवावें, असा तो करार होता. ट्यूडर हे याच केजचे निकटचे सहकारी. गीताबाईंचीं भावंडें गौतम आणि गिरा यांनीं १९६१ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणींत पुढाकार घेतला होता. म्हणजे यंत्र आलें तें गुरुशिष्यांच्या जुन्या वाटेनें. एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटाऱ्यांतून नव्हे.

गीताबाईंसह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनीं त्या यंत्रावर रचना केल्या. माथुरांच्या एका रचनेच्या नांवाचा अर्थ ‘एकदां मी तंबोरा वाजविला’ असा आहे. देसाईंचें काम ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनाशीं निगडित होतें, तर जोशीपुरांनीं २००१ सालच्या अंतराळयानाची कल्पना स्वरांत मांडली. म्हणजे नातवंडें ज्यांच्याकडे भूतकाळ मागावयास आलीं, ते आजोबा त्या वेळीं भविष्यकाळाकडे डोळे लावून बसले होते!

येथें रेडिओच्या श्रोत्यांस एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला मज्जाव केला. तिचे स्वर ठराविक पट्ट्यांत बांधलेले. मींड आणि सूक्ष्म श्रुति तिच्यांतून निघत नाहींत, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. शास्त्रदृष्ट्या तो खोटा नव्हता. परंतु हीच परदेशी पेटी मराठी रंगभूमीनें केव्हांच आपलीशी केली होती आणि गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखालीं ती गातहि होती. १९६९ सालीं ही बंदी कायमच होती. म्हणजे ज्या वर्षीं पेटी रेडिओच्या दाराबाहेर उभी होती, त्याच वर्षीं अहमदाबादेस असें परदेशी यंत्र आलें, कीं ज्याचा स्वर एका श्रुतीवरून दुसरीवर अखंड घसरत जाऊं शकतो!

पुढें मुंबईंतहि असेंच घडलें. चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग सिंथेसायझरवर वाजवून त्यांची तबकडी काढली. तिची फारशी दखल कोणी घेतली नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हां निघाली, तेव्हां तेथील रसिक चकित झाले. सिंग २०१५ सालीं वारले. उतारवयांत कां होईना, हा मान त्यांना पाहावयास मिळाला.

परंपरा म्हणजे केवळ जुनें, अशी आपली समजूत असते. म्हणून पूर्वजांनीं केलेले नवे प्रयोग आपण वारसा म्हणून जपत नाहीं. पोथीला रेशमी रुमाल मिळतो, ध्वनिफितीला मात्र बुरशी. मुळें जमिनींत पुरलेलीं असतात खरीं, पण तीं तेथेंहि वाढतच असतात. श्रोतेहो, आपल्या घरींदारीं कोठें जुन्या ध्वनिफिती पडल्या असतील, तर त्यांच्या डबीवर गाणाराचें नांव आणि साल तेवढें लिहून ठेवा. उद्यां दूरदेशाहून कोणी आपलें मूळ शोधीत आला, तर त्याला निदान पत्ता तरी सांपडेल.