शीर्षकगीताचा कवी : मंगेश कुलकर्णी

मराठी भावगीताचा इतिहास आपण आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट या तीन माध्यमांच्या आधारे लिहितो. दूरचित्रवाणीपाशी येताच हा इतिहास थांबतो. वास्तविक 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा मराठी (2005 पासून झी मराठी) सुरू झाल्यानंतर एक नवा गीतप्रकार घरोघरी पोहोचला : मालिकेचे शीर्षकगीत. या प्रकाराला ज्यांनी काव्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या मंगेश कुलकर्णी यांचे नाव मराठीच्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल?

कुलकर्णी यांची कारकीर्द केवळ दूरचित्रवाणीपुरती नव्हती. नाना पाटेकर यांच्या 'प्रहार' (1991) या हिंदी चित्रपटाची गीते त्यांची. 'येस बॉस' (1997) च्या पटकथालेखनातही त्यांचा सहभाग होता. परंतु मराठी घरांत ते पोहोचले ते 'आभाळमाया' (1999) आणि 'वादळवाट' (2003) या मालिकांच्या शीर्षकगीतांतून. दोन्ही गीतांचे संगीत अशोक पत्की यांचे. 'मिले सुर मेरा तुम्हारा' (1988) ची चाल बांधणाऱ्या पत्कींनी असंख्य जाहिरातगीते केली होती. थोडक्या अवधीत श्रोत्याला धरून ठेवण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. त्या मोजक्या वेळात कविता बसवण्याचे काम कुलकर्णी यांच्याकडे आले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. गीताचे नाव मालिकेने आधीच ठरवलेले. गोष्ट सांगायची नाही, कारण ती पुढे अनेक वर्षे बदलत जाणार. आणि गीत पुनःपुन्हा ऐकूनही विटता कामा नये. या अटींना कुलकर्णी यांनी दिलेले उत्तर छंदात आहे. देवकी पंडित यांनी गायिलेल्या 'आभाळमाया'च्या गीतात सहा-सहा अक्षरांचे चरण आहेत. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण असेच सहा अक्षरांचे असतात. चरणाच्या आरंभी बहुधा क्रियापद आणि शेवटी नाम. जणू प्रत्येक चरण म्हणजे एक व्याख्या. पात्रांची नावे नाहीत, प्रसंग नाहीत. 'आभाळमाया' या समासातील दोन्ही पदे कवीने सुटी करून वापरली आहेत. 'वादळवाट'मध्ये चरण आठ अक्षरांचा होतो. ही बहिणाबाईंच्या ओळीची ओळखीची लय. तीत समुद्र, शंखशिंपले, चांदणे, अंगण अशा प्रतिमा येतात. म्हणजे नव्या माध्यमातले हे गीत आतून जुन्या मराठी छंदावर उभे आहे.

हे मला माझ्या एका विद्यार्थिनीने दाखवले. शिरूरच्या महाविद्यालयात शिकायला ती दौंड तालुक्यातून एस.टी.ने येत असे. ते भारनियमनाचे दिवस होते. 'वादळवाट'चे गीत ऐकायला मिळे आणि पुढचा भाग अंधारात जाई, असे तिने हसत सांगितले होते. छंदाच्या तासाला तिने बोटांवर अक्षरे मोजत हे गीत उदाहरण म्हणून मांडले. प्रकल्पासाठी हाच विषय घेऊ का, असेही विचारले. "मालिकेचे गाणे हा वाङ्मयाचा विषय नव्हे," असे म्हणून मी तिला दुसरा विषय दिला. तिची मोजणी अचूक होती. चूक माझी होती.

त्या चुकीमागे एक ऐतिहासिक कारणही आहे. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेले गदिमांचे छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' हीसुद्धा माध्यमाच्या मागणीतून झालेली, आठवड्याच्या वेळापत्रकाला बांधलेली रचना होती. पण गीतकाराचे नाव निवेदनात सांगण्याचा आकाशवाणीचा प्रघात होता, आणि ती गीते लवकरच पुस्तकरूपानेही आली. श्रोत्याच्या कानावर कवीचे नाव पडे, अभ्यासकाच्या हाती संहिता येई. शीर्षकगीताला यांपैकी काहीच लाभले नाही. कवीचे नाव पडद्यावर क्षणभर झळके, तेही इतर अनेक नावांच्या गर्दीत. संहिता छापली जात नसे. ज्याची संहिता नाही त्याची समीक्षा नाही, आणि ज्याची समीक्षा नाही ते अभ्यासक्रमात येत नाही. आपण दर्जाचा निवाडा केला असे समजतो. प्रत्यक्षात तो निवाडा छापखान्याने आधीच केलेला असतो.

सगळीच शीर्षकगीते काव्य आहेत, असा माझा दावा नाही. बहुतेक मालिकांबरोबर विरून गेली, आणि त्यात हळहळण्यासारखे फारसे नाही. परंतु मालिका संपून दीड-दोन दशके उलटल्यावरही जी गीते लोकांना मुखोद्गत आहेत, ती कशामुळे टिकली हा वाङ्मयेतिहासाचाच प्रश्न आहे. 2024 साली कुलकर्णी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची ओळख याच दोन गीतांच्या नावांनी करून द्यावी लागली. लोकांना गीते पाठ होती. कवी मात्र नव्याने सांगावा लागला.

आता अभंगाचा छंद शिकवताना मी तुकोबांच्या ओळीनंतर 'आभाळमाया'चे चरण फळ्यावर लिहितो, आणि खाली कवीचे नाव. अक्षरे मोजण्याचे काम वर्गाकडे सोपवतो.