खानदेशातली 'गुन्हेगारी' : नवख्या राज्यकर्त्यांना न दिसलेली वीस वर्षे

१/ इ.स. १८१८. पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्याचा मुलूखही त्यातच. नव्याने आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जपुढे चित्र होते ते असे : घाट असुरक्षित, गावे ओस, भिल्ल टोळ्यांचे छापे. हा प्रदेश इतका 'गुन्हेगार' का होता?

२/ वसाहतकालीन कागदपत्रांत वारंवार येणारे उत्तर सोपे होते : लूट हा भिल्लांचा स्वभावच. नवख्या माणसाला छापे दिसतात. छाप्यांपूर्वीची वीस वर्षे दिसत नाहीत.

३/ ती वीस वर्षे भयंकर होती. १८०२ पासून होळकर-शिंद्यांच्या संघर्षात फौजांनी हा मुलूख तुडवला. १८०३-०४ चा दुष्काळ आला. मागोमाग पेंढारी आले. पीक गेले, गुरे गेली, माणसे परागंदा झाली.

४/ त्याआधी अनेक भिल्ल नाईक घाट राखत आणि गावोगावचे भिल्ल जागले चोरांचा माग काढत. त्याबद्दल गावाकडून धान्याचा व रोख रकमेचा ठरलेला हक्क मिळे. गावच उजाड झाल्यावर हक्क कोण देणार? कुंपणाने शेत खाल्ले असे म्हणणे सोपे. पण इथे शेतच आधी उद्ध्वस्त झाले होते.

५/ माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला हा दुवा बऱ्याच अंशी उमगला होता. म्हणून एकीकडे फौजा पाठवून डोंगरातली रसद तोडली जाई, तर दुसरीकडे नाईकांना पेन्शन आणि जुने हक्क देऊ केले जात. तरीही सात वर्षे छापे थांबले नाहीत. पकडलेल्या नाईकाची जागा दुसरा घेई.

६/ १८२५ मध्ये धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. जुने गुन्हे माफ करणे, जमीन देणे, बी-बियाणे व बैलांसाठी तगाई देणे, हक्कांचे तंटे मिटवणे ही त्यांची कामे. त्याच वर्षी २२ वर्षांच्या जेम्स औट्रमने खानदेश भिल्ल कोअर उभारण्यास आरंभ केला. तिचे ठाणे धरणगाव.

७/ औट्रमने आधी भिल्लांवर हल्ला चढवला, मग त्यांच्यात राहून, वाघाची शिकार करून विश्वास मिळवला. काही वर्षांत पलटणीत शेकडो भिल्ल शिपाई झाले. ज्यांच्यापासून घाट राखायचे, तेच घाट राखू लागले आणि छापे ओसरले. माणसे तीच होती. बदलली होती परिस्थिती.

८/ ही साहेबाच्या दयेची गोष्ट मात्र नव्हे. हीच पलटण भिल्लांचेच उठाव मोडण्यासाठी वापरली गेली. पुढे १८५७ मध्ये, मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधव्याच्या घाटाची राखण केलेला खाज्या नाईक भीमा नाईकासह उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. सरकारी कागदांत ते लुटारू. आज ते स्वातंत्र्यसैनिक. कृत्य एकच, रकाने दोन.

९/ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नवख्याची ती नजरच कायद्यात उतरवली. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे मुंबई इलाख्यातही, अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला. 'विमुक्त' हा शब्द तिथूनच आला.

१०/ आज एखादा मराठी तरुण शिक्षणासाठी अमेरिकेत जातो, तेव्हा शहरांच्या गुन्ह्यांचे आकडे असेच वाचतो. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले. २०१८ मध्ये ते ३०० च्या आत आले. दरम्यान लोकसंख्या वाढलीच होती. हे कशामुळे घडले यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही; पण शहराचा 'स्वभाव' हे उत्तर तिथेही टिकत नाही.

११/ एकूण खून न्यूयॉर्क-शिकागोत जास्त. लाखामागचे प्रमाण मात्र अनेक वर्षे सेंट लुईससारख्या लहान शहरात कितीतरी अधिक. शिवाय एकाच शहराच्या दोन वस्त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

१२/ म्हणून गुन्ह्याचा कोणताही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारावेत : तो कोणी मोजला? किती लोकांमागे? आणि त्याआधीच्या वीस वर्षांत तिथे काय घडले? १८१८ च्या खानदेशात तिसरा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही. त्याची किंमत इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली.