कार्टून, काडतूस आणि एक पत्रा

ठाण्यातल्या एका मित्राच्या घरी सोफ्याच्या वर अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा टांगलेला आहे. त्यावर पहिल्या महायुद्धातलं एक गाजलेलं व्यंगचित्र छापलंय. तोफगोळ्याने पडलेला खड्डा, त्यात दडून बसलेले दोन शिपाई आणि चहूकडे फुटणारे गोळे. झुपकेदार मिश्यांचा म्हातारा शिपाई सोबत्याला सुनावतोय की याहून बरा खड्डा माहीत असेल तर खुशाल तिकडे जा. चित्रकार ब्रूस बेअर्न्सफादर. जन्म 1887चा, तोही आपल्याच उपखंडात, मरी या थंड हवेच्या ठिकाणी. स्वतः खंदकात लढलेला हा माणूस 1915 मध्ये ईप्रच्या लढाईत गोळ्याच्या धक्क्याने इस्पितळात गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हे चित्र ‘बायस्टँडर’ साप्ताहिकात आलं आणि तो मिशीवाला ‘ओल्ड बिल’ घराघरात पोचला. ग्रिमवेड्‌स या कारखान्याने त्याची चित्रं कपबश्यांवर आणि ताटल्यांवर छापली. मोटारीच्या नाकावर बसवायच्या धातूच्या मूर्तीही निघाल्या. युद्धातली व्यंगचित्रं घरात सजावट म्हणून मांडायची हौस तेव्हाही होती.

तो पत्रा पाहिला त्या रात्री घरी येऊन मी इंग्रजी व्युत्पत्तिकोशात ‘कार्टून’ काढलं. ते वाचता वाचता नजर खाली घसरली. कार्टून, कार्टूश, कार्ट्रिज. तीन नोंदी एकाखाली एक, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच शब्द: ‘कार्ता’, म्हणजे कागद. कार्ट्रिज म्हणजे आपलं काडतूस. युद्धाचं कार्टून आणि युद्धाचं काडतूस ही एका आजीची नातवंडं निघाली, आणि मला झोप लागेना.

कार्टूनची बाजू आधी सांगतो, कारण ती सोपी आहे. इटालियनमध्ये ‘कार्ता’ला मोठेपणाचा ‘ओने’ लागून ‘कार्तोने’ झालं, म्हणजे मोठा जाड कागद. भिंतीवर चित्र काढण्याआधी चितारी त्याच मापाचा कच्चा आराखडा या कागदावर काढत. रेघांवर टाचणीने भोकं पाडायची, कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. भिंतीवर ठिपके उमटतात. दारात छापाची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही ही रीत समजावून सांगायला नको.

मग याचा विनोदाशी संबंध कुठे आला? 1834 मध्ये लंडनचं पार्लमेंट जळालं. नव्या इमारतीतल्या भित्तिचित्रांसाठी स्पर्धा झाली आणि 1843 मध्ये तिच्यातली भव्य कार्टून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मांडली गेली. लोक उपाशी आणि सरकार चित्रांमागे, म्हणून ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने 15 जुलैच्या अंकात जॉन लीचचं एक बोचरं चित्र छापलं. फाटक्या कपड्यांतली गरीब माणसं ते प्रदर्शन बघताहेत. चित्रावर नाव होतं ‘कार्टून क्रमांक 1’. थट्टेत दिलेलं ते नाव कायमचं चिकटलं.

इथे मला ‘खाका’ आठवला. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ. भोकं पाडलेल्या कागदावरून भुकटी झाडून उतरवलेली आकृती ती खाका, आणि उर्दू-हिंदीत ‘खाका उडाना’ म्हणजे एखाद्याची टर उडवणं. लंडनमध्ये जे एका साप्ताहिकाच्या खोडीतून घडलं, ते आपल्याकडे भाषेनेच आपसूक घडवलं. दोन्हीकडे भोकांचा कागद, कोळशाची पूड आणि शेवटी टवाळी! निव्वळ योगायोग म्हणून हे सोडून द्यायला माझं मन तयार नाही. माणसाच्या नुसत्या बाह्यरेषा उचलल्या की तो हास्यास्पद दिसू लागतो, हे या कारागिरांनी रोजच्या कामात पाहिलं असणार.

आता काडतूस. जुनं काडतूस पितळेचं नव्हतं. ती होती कागदाची सुरळी, आत मोजलेली दारू आणि एक गोळी. इटालियनमध्ये अशा सुरळीला ‘कार्तोच्चो’ म्हणतात. शिपाई ती दातांनी फाडी, दारू नळीत ओती आणि उरलेला कागद गोळीसकट ठासून बसवी. 1857चा भडका उडाला तो याच दातांनी फाडण्यावरून.

मराठीत हा शब्द आणला कुणी? नेहमीचं उत्तर आहे पोर्तुगीजांनी, त्यांच्या ‘कार्तुशु’वरून. पोर्तुगीज 1510 पासून गोव्यात, ‘पिस्तूल’ त्यांचं, मग काडतूसही त्यांचंच. मला हे पटत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘ch’ लिहिलेलं असतं तिथे आज ‘श’ ऐकू येतो, पण जुन्या उच्चारात तिथे ‘च’ होता. ‘चावी’ बघा, पोर्तुगीज ‘शाव्ह’ आपल्याकडे ‘च’ घेऊन आली. त्या काळी काडतूस आलं असतं, तर आपण ‘काडतूच’ म्हटलं असतं. शिवाय शेवटचा स्वर कुठे गेला? पोर्तुगीजांचा ‘कांपु’ आपला ‘कंपू’ झाला, त्यांच्या ‘ताबाकू’ची तंबाखू झाली. दोन्हीकडे ऊकार शाबूत राहिला.

यावर समोरचा पक्ष ‘मारतूल’ काढतो. पोर्तुगीज ‘मार्तेलु’चा शेवटचा स्वर गळूनच तो झाला. हा दगड माझ्या वाटेत आहे खरा, आणि स्वराचा मुद्दा त्याच्यापुढे लंगडा पडतो. ‘च’चा मात्र पडत नाही.

फ्रेंच ‘कार्तूश’ घेतला तर सगळं सुरळीत बसतं. शेवटी स्वर नाही, ‘श’ आयता तयार. त्याचा ‘स’ का झाला म्हणाल, तर ‘बख्शिश’चं ‘बक्षीस’ करणाऱ्या भाषेला त्यात नवल नाही. फ्रेंच कवायत आपल्याकडे आलीही होती. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांकडून लढला, आणि ‘गारदी’ हा शब्दच मी फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला मानतो. पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी द ब्वान्य हा सेनानी आला, त्याच्यामागून पेराँ. पलटणीला हुकुमाबरहुकूम ठासायला शिकवताना या लोकांच्या तोंडी दिवसातून शंभरदा कोणता शब्द येत असेल? माझ्या मते काडतूस मराठीत कवायतीच्या मैदानावरून आलं.

‘र’चा ‘ड’ कसा झाला, यावरही माझा तर्क आहे. हिंदीत ‘कारतूस’ राहिलं, आपण ‘काड’ केलं, कारण पेटणाऱ्या सुरळीत मराठी कानाला ‘काडी’ ऐकू आली.

मध्यंतरी मला अरबी ‘किर्तास’चाही मोह पडला. अर्थ कागद, शेवटी ‘स’सुद्धा! पण त्यातल्या ‘आ’चा ‘ऊ’ होत नाही आणि बंदुकीशी त्याचं नातं नाही. गंमत एवढीच की तोही शब्द ग्रीक ‘खार्तेस’वरून आला, म्हणजे त्याच घराण्यातला.

राहिला पत्रा. आपल्या भाषेने इथे कार्ताच्याही पुढे मजल मारली आहे. ‘पत्र’ म्हणजे पान, मग चिठ्ठी, वर्तमानपत्र आणि ‘पत्रा’ म्हणजे धातूचा पातळ तक्ता. पत्र्यावर चित्र छापणं ही नवी टूमही नव्हे. ऑफसेट छपाईचं पहिलं पेटंट रॉबर्ट बार्कलेने 1875 मध्ये घेतलं ते कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यासाठी. कागदाला ती युक्ती पुढे 1904च्या सुमारास अमेरिकेत मिळाली.

आजचा अॅल्युमिनियमचा छाप कसा बनतो, हे मी एका छापखान्यात उभं राहून पाहिलं. यंत्र पत्र्यावर थेट छापेल असं मला वाटलं होतं. त्याने आधी कागदावर छापलं, चित्र उलटं, रंग फिकट. तो कागद लेप दिलेल्या पत्र्यावर पालथा ठेवला आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या दाबयंत्रात घातला. शाईची वाफ होऊन ती लेपात शिरली. कारागिराने कागद सोलला, तेव्हा खाली चित्र लखलखत होतं.

जाड कागदावर काढायचं, भिंतीवर जाणाऱ्या वस्तूवर उतरवायचं आणि कागद बाजूला करायचा, हेच तर कार्तोनेचं काम. मी तो कागद मागितला. कारागीर म्हणाला, “साहेब, हा रद्दीतला आहे, हवा तर न्या.” मी सुरळी करून तो घरी आणला. आता तो टेबलाच्या खणात आहे, काडतुसासारखा गुंडाळलेला.