चीवर आणि वाकळ : जीर्ण वस्त्राचा एक विचार

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील खेड्यांत जुने लुगडे सहसा फेकून दिले जात नसे. वापरून मऊ झालेल्या कापडाचे तान्ह्या बाळासाठी झबले, टोपडे, कुंची होई. उरलेल्याचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने वाकळ शिवली जाई. या कामाकडे आपण बहुधा दारिद्र्याची खूण म्हणून पाहतो. विनयपिटक वाचताना मात्र आम्हांस त्याचा निराळा अर्थ जाणवतो.

महावग्गातील चीवरक्खंधकात अशी कथा आहे की, मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून तथागतांनी तशा आकृतीचे चीवर करता येईल काय, असे आनंदांना विचारले. आनंदांनी तुकडे जोडून ते सिद्ध केले. कापलेले वस्त्र श्रमणाला शोभते आणि त्याचा कोणाला लोभ होत नाही. याच खंधकात पदरांचाही नियम आहे. कापड नवे असेल तर संघाटी दुपदरी, उत्तरासंग व अंतरवासक एकपदरी. जीर्ण असेल तर संघाटी चौपदरी आणि इतर दोन्ही दुपदरी. ठिगळ (अग्गळ) आणि रफू (तुन्न) यांनाही अनुमती आहे. झिजलेल्या कापडाला थरांनी बळ येते, हे वाकळ शिवणारी स्त्री हाताने जाणते. विनयाने त्याचा नियम केला.

चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आनंदांना विचारतो : राण्यांनी दिलेल्या पाचशे वस्त्रांचे काय कराल? आनंद सांगतात, जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे पलंगपोस, त्यांच्या गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरील अंथरुणे, पायपुसणी, फडकी. अखेर त्यांच्या चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. पांसुकूल म्हणजे उकिरड्यावरचे, स्मशानातले कापड. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायानेही चांडाळांना मृतांची वस्त्रे नेमून दिली, आणि महारकीच्या हक्कांत मढ्यावरचे कापड होते. याच जिल्ह्यातील धामणगावचे दया पवार यांनी ‘बलुतं’ (१९७८) मध्ये मुंबईच्या कावाखान्यातील चिंध्या वेचणाऱ्या आपल्या स्त्रियांचे चित्र रेखाटले आहे. मग फरक कोणता?

उत्तर जीवकाच्या कथेत आहे. वैद्य जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रे स्वीकारण्यास अनुमती दिली; ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थाचे वस्त्र हवे त्याने ते घ्यावे, असे सांगितले. भिक्खूचे ठिगळ हे त्याने निवडलेले असते. मढ्यावरचे कापड जन्माने लादलेले होते. म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची हीनत्वदर्शक रीत सोडून स्वच्छ राहण्यास सांगितले. १९२८ मध्ये त्यांनी वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने मात्र १९५८ च्या कायद्यानेच रद्द झाली.

त्या बंधनातून सुटलेल्या हातांनी जुन्या लुगड्याची कुंची शिवली, तर तिची लाज बाळगण्याचे कारण उरत नाही. विहारांतील उपासिकांनी आपल्या आजीची शिवण वेळीच शिकून, लिहून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.